पहिली फेरी घरच्या माणसाची

आमच्या उस्तादांबद्दल कुणी विचारलं की मी आधी एक शिवी गिळते आणि मग बोलायला लागते. आता ते परभणीत नाहीत. राणीसावरगावला आपल्या शेतावर जाऊन बसलेत, तूर आणि हरभरा बघतात. तरी शिवी गिळावीच लागते. एवढा हबका मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिला नाही. एकदा नाही, चांगला दोनदा दिला, आणि दुसऱ्यांदा दिला तो माझ्या आईला मध्ये घेऊन दिला.

मी लिफ्टची मेकॅनिक आहे. परवाना आहे माझ्याकडे, रीतसर, फोटो आणि शिक्क्यासकट. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या मागे कुणी पुरुष माणूस उभा आहे का ते बघतात. नसतो. मग ‘बरं बरं, या मॅडम’ म्हणतात आणि मी जिन्याने वर मशिनरूमकडे निघाले की खालून हळूच कुणाला तरी फोन लावतात, की बाई पाठवलीय हो. मला आता त्याचं काही वाटत नाही. उस्तादांच्या हाताखाली तीन वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

आमचं घर वालूरचं. शेळ्या, मेंढ्या आणि मिळेल ती मजुरी. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन केलं. वर्गात आम्ही मुली चारच होतो. पास झाल्यावर मुलांना दुकानातून, जिनिंगमधून बोलावणी आली. आम्हाला कुणी विचारलं नाही. एक दिवस आमच्या सरांनी निरोप दिला की परभणीचा एक लिफ्टवाला आलाय, त्याला एक जण पाहिजे. गेले तर बाकावर एक किडकिडीत म्हातारा बसलेला. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, पायात बूट आणि बुटांना नाड्या नाहीत. मुलं रांगेत उभी. त्याने कुणाचे मार्क विचारले नाहीत. फक्त एवढंच विचारलं की झाडावर कोण चढतं. मुलं हसायला लागली. मी हात वर केला, कारण शेळ्यांसाठी पाला तोडायला लिंबावर आणि बाभळीवर मीच चढायची, भावाला उंचावर चक्कर येते. मग त्याने विचारलं की वर गेल्यावर आधी काय करतेस. मी म्हटलं, आधी बूड टेकायची जागा बघते, मग पाल्याला हात घालते.

“ही वालूर चालंल,” ते म्हणाले आणि उठले. झाली माझी मुलाखत.

त्या दिवसापासून मी वालूर. माझं नाव त्यांनी तीन वर्षांत एकदाही घेतलं नाही. प्रत्येक माणसाला ते गावाच्या नावाने हाक मारायचे. माझ्याबरोबर काम करणारा एक जण सेलू होता. इमारतींच्या मालकांच्या नशिबात मात्र गावही नव्हतं, त्यांना ते मजल्यांवरून ओळखायचे. “चार मजले आले बग, खुर्ची दे,” असं एका मोठ्या व्यापाऱ्यासमोर म्हणाले होते. माणसांना सरसकट अरे-तुरे. आणि लिफ्टला? लिफ्टला अहो-जाहो! मशिनरूममध्ये शिरताना चौकटीला हात लावायचे आणि विचारायचे, “काय म्हणता मालक, कुठं दुकायलंय?” मला पहिल्या दिवशी हसू फुटलं तर असं बघितलं माझ्याकडे, की मी देवळात शिंकले की काय असं वाटलं.

त्यांच्या तऱ्हा काय एक होत्या? बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या माणसाचा त्यांना भारी राग. एकदा एका दवाखान्यात एक डॉक्टर घाईघाईने बटण दाबत होते, पाचदा, सहादा. उस्तादांनी पाना काढला, ते बटण पटकन खोलून काढलं आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, घरी न्या आणि रात्रभर दाबा. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, मला वाटलं आता गेलं हे काम. डॉक्टर ते बटण मुठीत धरून जिन्याने वर गेले. त्यांनाही बसलेला धक्का पचायचा असेल.

आणि जेवण! दुपार झाली की हा माणूस डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरायचा, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवायचा आणि तिथे मांडी घालून भाकरी खायचा. वर लोक दार वाजवतायत, खाली लोक दार वाजवतायत, आणि मधून ठेच्याचा वास येतोय. मी विचारलं तर म्हणाले, जगात हीच एक जागा आहे जिथे कुणी येऊन ‘जरा ऐका’ म्हणत नाही. जेवून वर पाऊण तास झोप.

आता पहिला हबका सांगते. कामाला लागून मला आठ दिवस झाले होते. लिफ्टच्या तळाशी, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. पाणी, प्लॅस्टिक, उंदीर, काय वाट्टेल ते तिथे साचतं. मला म्हणाले, उतर आणि झाडून घे. मी शिडीने उतरले, झाडलं, घमेलं वर दिलं. त्यांनी शिडी वर ओढून घेतली. मला वाटलं, गंमत करतायत. मग म्हणाले, कोपऱ्यात उकिडवी बस, हात पोटाशी घे, हलायचं नाही. मी बसले. दार लागलं. अंधार झाला. आणि लिफ्ट खाली यायला लागली.

मी किंचाळले का नाही ते मला आठवत नाही. सेलू म्हणतो की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. ते एवढं मोठं लोखंड माझ्या डोक्यावर येतंय, सावकाश येतंय, आणि मला आईची नाही, कुणाची नाही, आमच्या एका लंगड्या शेळीची आठवण झाली. डोक्याच्या हातभर वर ते थांबलं. वरून आवाज आला, “डोळे उघड. खालून काय काय दिसतंय ते सांग.”

मी रडत रडत सांगितलं. रुळांना धरणारे बूट दिसतात, ब्रेकचे जबडे दिसतात, केबल लोंबताना दिसते. एक नट सैल आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, कोणता ते नीट सांग. लिफ्ट वर गेली, शिडी खाली आली. मी वर आले ती थेट भांडायलाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बांधणाऱ्याने तिथे माणसापुरती जागा ठेवलेली असते, ती कागदावर वाचून कळत नाही, अंगाला माहीत पाहिजे. उद्या चुकून सापडलीस तर उभी राहू नकोस, बस.

हे ऐकून माझा भाऊ काठी घेऊन वालूरहून आला. उस्तादांनी त्याला म्हटलं, ये, आधी भाकरी खाऊ. लिफ्टमध्ये घेतलं, दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. तासाभराने भाऊ बाहेर आला तो त्यांची पिशवी उचलून चालायला लागला. काय बोलणं झालं ते आजपर्यंत सांगत नाही. उंचावर चक्कर येणारा माणूस तासभर अधांतरी बसून हसत बाहेर येतो, याला काय म्हणायचं?

आता जे सांगायचंय त्यासाठी आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कुलूप असतं आणि त्या कुलपात विजेचा कॉन्टॅक्ट असतो. कोणत्याही मजल्याचं दार जरा जरी उघडं असेल तर लिफ्ट जागची हलत नाही. बिघाड शोधताना कधी कधी तो कॉन्टॅक्ट सोडून लिफ्ट चालवून बघावी लागते. तेव्हा दोन स्क्रूंच्या मध्ये वीतभर वायर लावतात. तिला जंपर म्हणतात. काम झालं की काढायची. काढायची राहिली तर लिफ्टला वाटतं की त्या मजल्याचं दार लागलेलंच आहे. मग दार सताड उघडं असलं तरी लिफ्ट खुशाल निघून जाते, आणि उंबऱ्यापलीकडे नुसती विहीर राहते. उस्ताद म्हणायचे, लिफ्ट पडत नाही, माणूस पडतं. आमच्या धंद्यात माणसं जातात ती बहुतेक या विसरलेल्या वायरीपायीच.

म्हणून त्यांच्याकडे जंपर तीनच. लाल, टोकाला गाठ मारलेले. चौथा कुणी बनवला तर हाकलून देत. संध्याकाळी काम संपलं की हात पुढे करायचे आणि म्हणायचे, “तिन्ही?” आपण तळहातावर तिन्ही मोजून ठेवायचे. हे झाल्याशिवाय घरी जायचं नाही. पाऊस असो, लग्न असो, ताप असो.

दुसरा नेम याहून विचित्र. नवी लिफ्ट पुरी झाली की पहिली फेरी मालकाची नाही, पुढाऱ्याची नाही, नारळाचीही नाही. ज्याने काम केलं त्याच्या घरचं माणूस आधी बसणार. सेलूने पहिली लिफ्ट बसवली तेव्हा त्याची नवी नवरी आली होती, हिरव्या चुड्यासकट. मालक लोक चिडायचे, मुहूर्त टळतो म्हणायचे. उस्ताद म्हणायचे की मग तुझ्या घरचं माणूस काम शिकव.

माझी सगळी धडपड चालली होती परवान्यासाठी. परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लागतो, आणि त्यावर परवाना असलेल्या माणसाची सही लागते. आमच्याकडे तो माणूस एकच. मी वर्षभर कागद घेऊन मागे फिरले. ‘अजून न्हाई.’ दिवाळीला विचारलं, अजून न्हाई. घरी स्थळं यायला लागली होती. मामा म्हणत होते, पोरगी काय जन्मभर दोरावर लोंबकळणार का. परवाना हातात आला असता तर मी नोकर राहिले नसते, माझ्या नावावर कामं घेतली असती, आणि मामांचं तोंड बंद झालं असतं. नाही आला तर उन्हाळ्यात माझं लग्न ठरणार हे सगळे धरून चालले होते. शेवटी उस्ताद म्हणाले की एका प्रसूतिगृहाची नवी इमारत आहे, चार मजली, ती लिफ्ट तू एकटीने बसव. पहिली फेरी झाली की सही करतो. अर्ज भरायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती.

मी जीव ओतला त्या लिफ्टमध्ये. सोमवारी पहिली फेरी ठरली, आईने यायचं असं ठरलं. शनिवारी उस्ताद गंगाखेडला भाचीच्या लग्नाला गेले. त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या कुलपाचा कॉन्टॅक्ट त्रास द्यायला लागला. मी जंपर लावला, लिफ्ट चालवून बघितली, बिघाड सापडला, पत्ती वाकली होती ती सरळ केली. तेवढ्यात आईचा फोन. लिफ्टमध्ये बसताना चपला काढाव्या लागतात का, आणि शेळ्या कुणाकडे ठेवू, आणि येताना भाकरी किती आणू. मी हसत हसत बोलत होते आणि एका हाताने कुलपाचं झाकण लावत होते. खाली आले तर उस्तादांचा फोन. मागे सनई वाजत होती.

“तिन्ही?”

“तिन्ही,” मी म्हणाले. पिशवीत हात घातला नाही. मोजले नाहीत. एवढंच झालं, दुसरं काही झालं नाही. पण हे मी आज तुमच्यासमोर सांगतेय तेव्हाही माझे कान गरम झालेत.

सोमवारी उस्ताद मला म्हणाले, तू इथेच थांब, मी आईला स्टँडवरून आणतो. मी आ वासला. पाच मजले आले तरी जागेवरून न उठणारा हा माणूस शेळ्या राखणाऱ्या बाईला आणायला स्कूटर काढतो! मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. यायला मात्र फार वेळ लावला त्यांनी, वाटेत चहाला थांबलो म्हणाले. आईने नवी चप्पल घातली होती, पदर डोक्यावर घट्ट. माझ्याशी नेहमीसारखी बोलली नाही. मला वाटलं, घाबरलीय. उस्ताद तिला जिन्याने तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. लिफ्ट तिथेच उभी होती. मला खालीच थांबायला सांगितलं.

वरून आवाज आला, “ए वालूर! आतली जाळी वढून घेतलीय. भाईरचं दार सताड उघडं हाय. आई दारात उभी हाय. दाब बटन.”

ही शेवटची तपासणी. दार उघडं ठेवायचं, बटण दाबायचं आणि लिफ्ट हलत नाही हे बघायचं. मी ऐटीत दाबलं. काही व्हायलाच नको होतं.

वर मोटर घुरघुरली.

मला आधी कळलंच नाही. मग समोरच्या दाराच्या काचेतून वजनाच्या लोखंडी पाट्या, लिफ्टच्या उलट दिशेने जातात त्या, वर सरकायला लागलेल्या दिसल्या. म्हणजे लिफ्ट खाली येत होती. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं, आई दारात होती आणि आईपुढची जमीन निघून चालली होती. मी जिन्याने वर धावत सुटले. एक चप्पल कुठे पडली देव जाणे. मी ‘आई’ म्हणून ओरडत होते आणि वरून ओ येत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार उघडं. आत काळोख, दोर हलतायत. आणि उंबऱ्यावर, अगदी त्या काळोखाकडे पाठ करून, दारभर हात पसरून उस्ताद मांडी घालून बसलेले. आई अलीकडे भिंतीला टेकून उभी, तिचा चेहरा पांढराफटक.

मी जाऊन त्या माणसाची गचांडी धरली. हो, धरली. वयाचा विचार केला नाही, उस्तादकीचा केला नाही. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी हात वर केला नाही, फक्त म्हणाले की ओढायचं असेल तर इकडे ओढ, तिकडे ढकलू नको. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या पाठीमागे वीतभरही जागा नाही. मी त्यांना अलीकडे ओढलं.

“आधी ते काढ,” ते म्हणाले.

मी कुलपाचं झाकण उघडलं. आत मीच लावलेली लाल वायर, टोकाची गाठही तशीच. ती काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते रविवारी गंगाखेडहून आले ते सरळ या इमारतीत आले होते, प्रत्येक झाकण उघडून बघितलं होतं आणि हे तसंच लावून ठेवलं होतं.

“तू मला तिन्ही म्हणलीस,” ते एवढंच बोलले. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते.

मग त्यांनी खिशातून माझा दाखला काढला, घडी उलगडली, मांडीवर ठेवून सही केली आणि पुढे केला. मी म्हणाले, नको मला, आज नको, आता कशाला करता. ते म्हणाले, “शनवारी केली आसती तर ती सही खोटी झाली आसती.” मी हात पुढे केला नाही. आईने केला. कागद नीट घडी करून पिशवीत भाकरीच्या वर ठेवला. आणि म्हणाली, आता झाली का नीट? मग मी बसते की, लांबून आलेय. नवी चप्पल हातात घेऊन ती बसली, मी बसले, खाली आलो. लिफ्ट रुळांवरून इतकी गुळगुळीत उतरली, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी नाचले असते.

स्टँडवर आईला सोडायला गेले तेव्हा माझा संताप पुन्हा उसळला. बाकावर बसल्या बसल्या मी बोलत सुटले. हा माणूस वेडा आहे, त्याला माहीत होतं तरी त्याने तुला तिथे उभं केलं, एक पाऊल पुढे टाकलं असतंस तर? मी त्याचं तोंड बघणार नाही, परवाना गेला चुलीत. सेलूकडे जाणारी एसटी फलाटाला लागत होती. आई पिशवीचं तोंड बांधत होती.

“त्यांनी मला चहा पितानाच समदं सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “तू वायर इसरलीस ते. खोटं बोललीस ते बी. दार उघडं ऱ्हाईल, लिफ्ट जाईल, पाय टाकू नका म्हणले. नको वाटत आसंल तर न्हाई म्हणा, म्हणले.”

कंडक्टरने घंटी मारली. मी तिचा दंड धरून विचारलं, “तुला ठाऊक व्हतं? आन तरी बी तू तिथं उभी ऱ्हायलीस? काहून?”

तिने माझा हात सोडवला, पायरीवर पाय ठेवला आणि वळून बघितलं.

“मला त्यांनी आधी सांगितलं तरी,” ती म्हणाली. “तिथं बाळंत व्हायला येतील त्या लेकींच्या आयांना कोण सांगणार हाय?”